सायकलच्या दुकानातून पुढे आलेल्या उद्योजकाची माहिती हवी आहे (मुलीच्या भाषणासाठी)

रामबागची आई, इंदूर:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी सातवीत आहे. शाळेत ‘माझे आवडते उद्योजक’ या विषयावर पाच मिनिटं बोलायचंय. तिला सायकलवाल्यावरच बोलायचंय, कारण माझ्या सासऱ्यांचं सायकलचं दुकान आहे आणि वर्गात एकीनं तिला ‘पंक्चरवाल्याची नात’ म्हटलं. घरी येऊन रडली नाही, पण जेवलीही नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सायकली विकून, दुरुस्त करून पुढे आलेला आपला कुणी माणूस आहे का? टाटा-बिर्ला नकोत, ते बाकीची मुलं घेणारच.

आउटवाले काका, इंदूर:
ताई, लक्ष्मणराव किर्लोस्कर. लोकांना ते नांगर आणि पंपांमुळे ठाऊक आहेत. आपल्या शेजारी देवासलाच त्यांच्या नावाचा पंपांचा कारखाना आहे. पण हे सगळं सायकलीपासून सुरू झालं.

जन्म 1869 चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. मध्ये गेले, तर डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. मग यंत्रांची रेखाटनं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पगार 45 रुपये. तिथे असतानाच ते मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे आणि बंधू रामूअण्णा त्या विकायचे. एक सायकल 700 ते 1000 रुपयांना! चालवायला शिकवण्याचे 15 रुपये वेगळे. म्हणजे मास्तरांनी स्वतःसाठी घ्यायची म्हटली तर स्वस्तातल्या सायकललाही सव्वा वर्षाहून जास्त पगार, तोही उपाशी राहून.

ते 15 रुपये मुलीनं भाषणात सांगायलाच हवेत. मी 41 वर्षं दुकान चालवतोय. चिमणबाग मैदानावर किती जणांना सायकल शिकवली त्याची मोजदाद नाही. कॅरियर धरून मागे पळायचं, हात कधी सुटला ते त्याला कळू द्यायचं नाही. ज्या गावानं सायकल बघितलीच नाही तिथे माणूस आधी पडायला घाबरतो, पैशाचं नंतर बघतो. ती भीती घालवल्याशिवाय माल खपत नाही.

पुढे नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींच्या जोडीला कडबा कापायची यंत्रं आली, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमिनीत विष उतरेल. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली! दोन वर्षं दम धरायला काळीज लागतं. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला, वर 10,000 रुपये बिनव्याजी. 1910 मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर वसली ती किर्लोस्करवाडी.

आणि पंक्चरवाला म्हटलं म्हणून पोरीनं मान खाली घालू नये. तिला आजोबांशेजारी बसवा आणि चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना बघू द्या. चाक फिरवायचं, चाक धरणाऱ्या चिमट्याला अंगठा टेकवून नख रिमच्या अगदी जवळ धरायचं. जिथे रिम नखाला घासते तिथे चाक त्या बाजूला गेलेलं असतं. मग समोरच्या बाजूच्या आऱ्याचं निपल, म्हणजे रिमजवळची छोटी चकती-नट, पाव फेरा आवळायचं आणि घासणाऱ्या बाजूचं तेवढंच ढिलं करायचं. परत फिरवायचं. पुढच्या चाकाला 32 आरे, मागच्याला 40. घाईनं अर्धा फेरा जास्त गेला की पलीकडे नवा आउट तयार.

मांडवीकर, वडोदरा:
काकांनी छान सांगितलंय. वेळ उरला तर राइट बंधूंचीही दोन वाक्यं घालता येतील. अमेरिकेत डेटन गावात 1892 पासून त्यांचं सायकलचं दुकान, 1896 पासून स्वतःच्या ब्रँडच्या सायकली बनवू लागले. पंखांवर हवेचा जोर कसा पडतो हे बघायला 1901 मध्ये त्यांनी सायकलच्या हँडलवर तिसरं चाक आडवं बसवलं आणि गावात जोरात पेडल मारले. विमानाचे पंखे फिरले तेही चेन आणि दातेरी चक्रांवर. इंजिन त्यांच्या दुकानातल्या मेकॅनिकनं, चार्ली टेलरनं, सहा आठवड्यांत बनवलं. 17 डिसेंबर 1903 ला विमान उडालं.

रामबागची आई, इंदूर:
काका, तुमचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. सासरे इतका वेळ गप्प होते, नखाचं ऐकलं आणि म्हणाले, “बरोबर आहे, पण कान पण लागतो.” मग आत जाऊन जुनं चाक घेऊन आले आणि आऱ्यांवर पान्यानं टिचक्या मारून दाखवल्या. घट्ट आऱ्याचा आवाज बारीक, ढिल्याचा जाड. मुलगी आता एकेक आरा वाजवत बसलीये. भाषण किर्लोस्करांवरच करायचं ठरलंय, राइट बंधू शेवटी. ते चाक शाळेत न्यायचं म्हणतेय. बाईंची परवानगी मी उद्या काढते.

आउटवाले काका, इंदूर:
तुमचे सासरे खरे कारागीर आहेत. चाक नेताना टायर-ट्यूब काढून न्या, हलकं होईल आणि निपल मागच्या बाकापर्यंत दिसतील. निपल-चावी तिच्याच हातात द्या.