मदत हवी आहे: जवळचं दुकान की स्वस्त ऑनलाइन?

महिनाभर डोक्यात हाच हिशोब चालू आहे. तुम्ही काय करता, सांगाल का?

मोठ्या स्टोअरमध्ये आणि ऑनलाइन वस्तू स्वस्त मिळते, हे मान्य. ते ठोकाने माल उचलतात, लहान दुकानदाराला तेवढं झेपत नाही. पण घरपोच फुकट मिळावं म्हणून ठरावीक रक्कम गाठताना नको त्या दोन वस्तू हमखास घेतल्या जातात. मग बचत उरते किती?

परवा नळ गळत होता. जुना वॉशर तळहातावर ठेवून दाखवला. दुकानदाराने बोटाने चाचपून नेमका तसाच काढून दिला, वर बसवताना किती आवळायचा तेही सांगितलं. हाच वॉशर मी ऑनलाइन दोनदा चुकीच्या मापाचा मागवला होता. अशा माणसाकडे वस्तू हाताळून बघायची आणि बाहेर येऊन फोनवर स्वस्तात मागवायची, हे मला अजिबात पटत नाही.

पण घरखर्चाला मर्यादा आहेच. तुम्ही कोणत्या वस्तू जवळच घेता? किती टक्के जास्त दिलेले चालतात? आणि ऑनलाइनचा भाव दाखवून दुकानदाराला कमी करायला सांगणं तुम्हाला योग्य वाटतं का?