मदत हवी आहे: भाऊ १५ वर्षांनी नाशिकरोड जेलमधून सुटतोय, आधी काय काय तयारी करून ठेवू?

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ नाशिकरोड सेंट्रल जेलला आहे, २०१० पासून. जन्मठेप. निफाड तालुक्यातलं आमचं गाव, बांधावरून भांडण झालं आणि त्यात समोरच्या घरातला माणूस गेला. त्यांचं जे गेलं ते भरून येणारं नाही हे आम्ही कधीच विसरलेलो नाही, दादाही विसरलेला नाही. म्हणून गावात परत जायचं नाही हे त्याने स्वतःच ठरवलंय. आता मुदतपूर्व सुटकेची ऑर्डर यायच्या बेतात आहे, तो माझ्याकडे नाशिकच्या सिडकोतच येणार. घरात मी, मिस्टर (अंबडला कंपनीत आहेत), आमची आई आणि दादाची मुलगी. वहिनी खूप आधीच माहेरी गेल्या, त्यांना दोष देत नाही.

जेलमध्ये त्याने वेळ वाया घालवला नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. दहावी नापास होता, मुक्त विद्यापीठाचं केंद्र आहे आत, तिथून पूर्वतयारी केली आणि मग बीए झाला. सुतारकामाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं आहे, सरकारी ऑफिसांची टेबलं खुर्च्या बनवतात ते, आणि अलीकडे गणपतीच्या मूर्तींचं काम निघतं तेव्हा तिकडेही हात लावतो. पगार म्हणजे दिवसाचा, शंभराच्या आतच, पण त्यातूनही पोरीसाठी मनीऑर्डर करायचा.

काळजी वेगळीच आहे. फर्लोवर, म्हणजे कैद्याला मिळणाऱ्या सुट्टीवर, आला की पाच वाजताच जेवायला बसतो कारण आत बराकी लवकर बंद होतात. रात्री लाइट बंद केला तर झोप लागत नाही, बराकीत रात्रभर दिवा चालू असतो ना. आणि कुठलंही दार लोटलेलं असलं तर तो त्याच्यासमोर उभा राहतो, कुणीतरी उघडायची वाट बघत. दुकानात पाठवलं तर पैसे द्यायच्या वेळी गोंधळतो, तो आत गेला तेव्हा फोनने पैसे देतात ही गोष्टच नव्हती, आणि फर्लोत पोलीस स्टेशनची हजेरी सोडली तर तो घराबाहेर पडतच नाही, मग शिकणार कधी.

सगळ्यात नाजूक म्हणजे पोरगी. तो गेला तेव्हा ती जेमतेम वर्षाची, आता अकरावीला आहे. जेलमध्ये गळाभेट असते, मुलांना बापाजवळ बसता येतं, तेव्हा लहानपणी जायची, आता काही वर्षं जात नाही. ती मला आई म्हणते, त्याला काहीच म्हणत नाही. चिडलेली नाहीये, घाबरलेलीही नाही, नुसती गप्प होते. एका घरात दोघं कसे राहतील हे मला कळत नाहीये आणि दोघंही माझीच आहेत.

तर प्रश्न असे. कागदपत्रांचं सुटायच्या आधी काय करून घेता येईल? रेशनकार्डवरून नाव कमी झालंय, बँकेचं जुनं खातं बंद पडलेलं आहे. कामाचं म्हणाल तर एमआयडीसीत सगळीकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात, तिथे काय सांगायचं? आणि पोरीच्या बाबतीत ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांनी प्लीज लिहा. "वेळ जाऊ द्या" एवढंच नका लिहू, ते मला सगळेच सांगतात.

गोदाकाठ: ताई, मी बरीच वर्षं जेलमधल्या माणसांच्या कुटुंबांसोबत काम केलंय म्हणून लिहितो. ऑर्डर यायच्या आधीच जेलमध्ये त्याच्या भेटीला जाल तेव्हा तिथल्या कल्याण अधिकाऱ्यांना भेटा. सुटकेचा दाखला, कारखान्यात काम केल्याचं पत्र, औषधं चालू असतील तर दवाखान्याची फाईल आणि खात्यावर जमा मजुरी, हे चारही गेटवरून निघतानाच हातात घ्या, नंतर एकेका कागदासाठी हेलपाटे होतात. सुटकेची ऑर्डर नीट वाचा, बाँड आणि हजेरीच्या अटी असतात, त्या मोडल्या तर परत आत. समजलं नाही तर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखवा, फुकट सांगतात, १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर. महिला बालविकास खात्याच्या जिल्हा ऑफिसात परिविक्षा अधिकारी असतात, सुटून आलेल्यांना मदत करणं हे त्यांचं कामच आहे, लोकांना हे माहीतच नसतं. बाकी क्रम असा ठेवा की आधी आधार अपडेट, मग बँकेत केवायसी, मग रेशनकार्ड. उलटं केलं की अडकतं. आणि मतदार यादीत नाव घाला, शिक्षा संपली की मतदान करता येतं. माणूस मतदान करून आला की त्याची चाल बदलते, मी बघितलंय.

रंधा_पंचवटी: माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. एमआयडीसीचा नाद सोडा. सुतारकामात कुणी दाखला मागत नाही, काम बघतात. पण एक खरं सांगतो, जेलमध्ये भरीव लाकडाचं काम शिकवतात आणि बाहेर सगळं प्लाय, लॅमिनेट, मॉड्युलर किचन. रंधा मारणारा हात चांगला असला तरी पहिले महिने हेल्पर म्हणूनच राहावं लागेल, त्याला हे आधीच सांगून ठेवा म्हणजे मन खट्टू होणार नाही. माझ्याकडे असा सुटून आलेला एक जण होता, मालकाला म्हणजे मला पहिल्या दिवशी सगळं सांगितलं त्याने, आणि तेच बरं झालं, कारण नंतर कुणीतरी येऊन कान भरायला लागला तेव्हा मला सगळं आधीच माहीत होतं. पुढे स्वतःचं करायचं असेल तर पीएम विश्वकर्मा ही कारागिरांसाठीची केंद्र सरकारची योजना आहे, सुतार त्यात बसतो, औजारांना १५ हजार आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्क्याने. एका कुटुंबात एकालाच मिळतं, आणि सीएससी केंद्रावरच फॉर्म भरा, एजंटला पैसे देऊ नका.

अबोली_२: ताई, माझे वडील मी १४ वर्षांची असताना सुटून आले. मुलीच्या बाजूने सांगते. मला सगळ्यात जास्त त्रास घरातल्यांच्या बघण्याचा व्हायचा, मी त्यांच्याशी बोलते की नाही हे सगळे बघत बसायचे. आम्हाला एकत्र बसवायचे, फोटो काढायचे, नको व्हायचं. आमचं जमलं ते सायकलच्या पंक्चरवरून, त्यांनी काढून दिलं, मी थँक्यू म्हटलं, त्या दिवशी तेवढंच. तिला तिची खोली, तिचा वेळ राहू द्या, त्यांच्यासाठी तिची जागा हलवू नका. बाबा म्हण असं सांगू तर अजिबात नका. आणि कॉलेजात काय सांगायचं ते तिला ठरवू दे, पण तुम्ही घरच्यांनी बाहेर एकच काय ते सांगा, वेगवेगळं सांगितलं की ती तोंडघशी पडते. फार गप्प झाली तर १४४१६ वर बोलू द्या, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मराठीत बोलतात.

धागाकर्ती: अबोली, तुझं वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. दादासाठी आम्ही तिची खोली रिकामी करणार होतो, आता हॉलला पार्टिशन घालू, ते काम तो आल्यावर त्यालाच करू दे म्हणतायत मिस्टर. सगळ्यांचे मनापासून आभार. रंधादादा, एकच विचारते, त्याच्या आधारवर गावचा पत्ता आहे, विश्वकर्माचा फॉर्म भरायच्या आधी तो सिडकोचा करून घ्यावा का? तिकडच्या ग्रामपंचायतीत पडताळणीला कागद गेला तर त्या घरच्यांना विनाकारण परत सगळं आठवेल, ते मला नकोय.

रंधा_पंचवटी: करून घ्या, आधी पत्ता बदला. शहरातला पत्ता असला की पडताळणी इकडेच होते. सुटले की घेऊन या त्यांना वर्कशॉपवर, व्यनि करतो.