मदत हवी आहे : माफ झालेलं पाप पुन्हा पुन्हा सांगणाऱ्यांना कसं समजवायचं?

ठाण्यात ईस्टरआधीच्या उपवासकाळापूर्वी प्रौढ कॅथलिकांची मराठीतून प्रायश्चित्त संस्काराची, म्हणजे फादरांकडे पापं कबूल करून क्षमा मिळवण्याच्या विधीची, तयारी घ्यायची आहे. पश्चात्ताप, कबुली, पापमोचन (फादर देवाच्या नावाने देतात ती क्षमा), मग दिलेलं प्रायश्चित्त पूर्ण करणं, हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. अडतं ते पुढे. प्रायश्चित्त म्हणून दिलेल्या प्रार्थना म्हणजे क्षमेची किंमत असं धरलं, की तीन ‘नमो मरिया’ (मरियेची छोटी प्रार्थना) फारच स्वस्त वाटतात आणि तेच माफ झालेलं पाप पुढच्या कबुलीत परत सांगितलं जातं. नकळत विसरलेलं पापही क्षमेत येतं, गंभीर असेल तर आठवल्यावर पुढच्या कबुलीत सांगायचं. मुद्दाम लपवलेल्याचं तसं नाही. एवढं सांगूनही भीती जात नाही.

बायबलमधल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराचा दाखला (लूक 19) घ्यावा म्हणते. येशू आधी त्याच्याकडे उतरायचं ठरवतो, चौपट परतफेडीचं बोलणं नंतर. पण म्हणून परतफेड ऐच्छिक, असा अर्थ कुणी काढायला नको; चोरलेले पैसे शक्य असेल तर परत करावेच लागतात. इफिस 2:8-9 (तारण कृपेने होतं, कर्मांनी नाही) हे याच्या आधी वाचावं की नंतर?

आत्मपरीक्षणाची एकपानी मराठी प्रश्नावली कुणाकडे आहे का? प्रौढांची हवी, पहिल्या कम्युनियनच्या मुलांची नको. वाशी-नेरूळकडे संध्याकाळी मराठीतून कबुली ऐकणारे फादर असतील तर चर्चचं नाव आणि वेळ कळवा.