स्वखर्चाने काढलेलं पहिलं पुस्तक ओळखीबाहेर कसं न्यावं? सल्ला हवा आहे

कोरा_कागद

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

तीन महिन्यांपूर्वी माझी पहिली कादंबरी मी स्वतःच प्रकाशित केली. 180 पानं. स्मृतिभ्रंश झालेली आई आणि तिला सांभाळणारा मुलगा, असा विषय. किंडलवर ई-आवृत्ती आहे, शिवाय हौसेने 200 प्रती छापून घेतल्या. आजवर 41 छापील आणि 22 ई-प्रती गेल्या. या 63 पैकी 55 जणांनी तरी मला फोन करून किंवा भेटून 'घेतलं बरं का' असं सांगितलंय. म्हणजे सगळी घरची, ऑफिसातली आणि वर्गमित्रांची कृपा. ती विहीर आता आटली.

केलेले उद्योग: फेसबुकवर रोज एक पोस्ट, व्हॉट्सअ‍ॅपच्या झाडून सगळ्या ग्रुपांत लिंक, इन्स्टाग्रामवर मुखपृष्ठ सात वेळा. दोन ग्रुपांतून मला काढून टाकलं. परवा एका मार्केटिंगवाल्यांची ईमेल आली. त्यांनी पुस्तक वाचलंय, भारावून गेलेत आणि त्यांच्याकडे तीन प्रकारची पॅकेजेस आहेत.

पैसे आणि वेळ कुठे घालू? पुस्तकाच्या पानावर सध्या ही ओळख आहे: "मानवी नात्यांचा हळुवार पट उलगडणारी, वाचकाला अंतर्मुख करणारी भावस्पर्शी कादंबरी."

निळी_शाई

अभिनंदन! पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा). सल्ला काही नाही, मी पण त्याच बोटीत आहे. रुमाल टाकून ठेवते.

तिसरी_आवृत्ती

माझी तीन पुस्तकं आहेत, तिन्ही स्वतः काढलेली. पहिल्याच्या वेळी मी हेच सगळं केलं होतं, ग्रुपातून हकालपट्टीसकट.

पॅकेजचं आधी निकालात काढू. ती ईमेल परत वाचा. त्यात तुमच्या पुस्तकातलं एखादं पात्र, एखादा प्रसंग, जो ओळखीच्या मजकुरात नाही, असा काही आहे का? नसणारच. असली स्तुती हल्ली यंत्राकडून घाऊक लिहून घेतात. आणि असलाच प्रसंग, तरी एक प्रश्न विचारा: 'याआधी तुम्ही काम केलेल्या तीन लेखकांशी माझं बोलणं करून द्याल का?' मी विचारला होता. पुन्हा उत्तर आलं नाही.

आता मुद्द्याचं. तुमची अडचण प्रसिद्धी कमी पडली ही नाहीच. तुमची लिंक हजारभर लोकांनी तरी पाहिली असेल. त्यातले जे तुम्हाला ओळखत होते त्यांनी पुस्तक तुमच्यासाठी घेतलं, बाकीच्यांना घ्यायला कारणच मिळालं नाही. ती ओळख वाचा बरं परकं होऊन. 'मानवी नात्यांचा हळुवार पट'. यातून आई कळते? आजार कळतो? हे वाक्य कुठल्याही कादंबरीला चिकटवा, फिट बसतं. म्हणूनच ते तुमचं नाही. 'अंतर्मुख करणारी' आणि 'भावस्पर्शी' हे वाचकाने म्हणायचे शब्द आहेत, लेखकाने आधीच म्हणून ठेवले की त्याच्यासाठी काही उरत नाही.

त्या जागी कादंबरीतला एक प्रसंग सांगा, चार ओळींत. कुठला सांगाल? इथेच लिहा, आपण सगळे मिळून बघू.

खोडरबर

वरच्यांशी सहमत. मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडे जातं. तुमचा किंडलवरचा मोफत नमुना आत्ता उघडून पाहिला.

नमुना म्हणून साधारण पुस्तकाचा पहिला दहा टक्के भाग दिसतो. तुमच्या बाबतीत 18 पानं धरा. त्यात अर्पणपत्रिका एक पान, प्रस्तावना सात पानं, मनोगत चार, ऋणनिर्देश तीन. पंधरा पानं संपली! कथेच्या वाट्याला तीन पानं आली आणि त्यातलं अर्धं पान सूर्योदयाचं वर्णन आहे. विकत घ्यावं की नाही हे ठरवायला आलेल्या माणसाला तुम्ही तुमच्या मुद्रकाचे आभार वाचायला लावलेत.

ई-आवृत्तीत प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश सगळं शेवटी टाका. ज्यांनी प्रस्तावना लिहून दिली त्यांना आधी फोन करा म्हणजे रुसणार नाहीत. फाइल बदलून पुन्हा चढवता येते, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

आणखी एक. मुखपृष्ठ फोनवर पोस्टाच्या तिकिटाएवढं करून बघा. तुमचं शीर्षक जांभळ्यावर काळं आहे. मला ते वाचताच आलं नाही.

कोरा_कागद

खोडरबर, लाज वाटली आणि हसूही आलं. नमुना मी कधी उघडूनच पाहिला नव्हता. सूर्योदय कापतो.

तिसरी_आवृत्ती, प्रयत्न करतो: "आई रोज संध्याकाळी सहाला दारात जाऊन विचारते, 'हे अजून आले नाहीत?' बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा सुरुवातीला खरं सांगायचा आणि आई रोज नव्याने विधवा व्हायची. मग एका संध्याकाळी तो म्हणाला, 'आज ओव्हरटाइम आहे.' हृदयाला हात घालणारी ही कहाणी..."

तिसरी_आवृत्ती

'ओव्हरटाइम आहे' इथे थांबा. पुढचं एकही अक्षर नको.

अहो, हे तुमच्याकडे होतं आणि तुम्ही 'पट उलगडत' बसलात? मी आत्ताच पुस्तक घेतलं. तुमचा नववा अनोळखी वाचक.

रात्रपाळी

इथे फारशी लिहीत नाही, पण वरच्या चार ओळींनी लिहायला लावलं. माझ्या सासूबाईंना हाच आजार होता. संध्याकाळ झाली की त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. या आजारात बऱ्याच जणांना दिवस मावळताना असं होतं. खरं सांगायचं की वेळ मारून न्यायची, यावर आमच्या घरात भांडणं झाली आहेत.

तुमचा वाचक 'कादंबऱ्या वाचणारे सगळे' नाही. तो माझ्यासारखा आहे. आम्ही रात्री दोन वाजता फोनवर काहीबाही शोधत असतो. आजाराची माहिती देणारी पानं पुष्कळ सापडतात, पण दिवसभर खोटं बोलून थकलेल्या माणसाबद्दल कोणी लिहीत नाही.

मात्र एक हात जोडून विनंती. सांभाळ करणाऱ्यांचे आधारगट असतात, तिथे लिंक घेऊन घुसू नका. तिथे माणसं रडायला येतात. आमच्या गटात एक जण असा आला होता, लोक तुटून पडले त्याच्यावर. गट चालवणाऱ्यांना वेगळं लिहा, दोन-तीन प्रती नुसत्या वाचायला द्या आणि विसरून जा. आवडलं तर तेच गटाला सांगतील, आणि त्यांचा शब्द तुमच्या शंभर पोस्टींपेक्षा जड पडेल.

तिसरी_आवृत्ती

रात्रपाळी यांनी दोन परिच्छेदांत जे सांगितलं ते शिकायला मला दोन पुस्तकं खर्ची घालावी लागली.

त्याला जोडून: किंडलवर पुस्तक चढवताना शोधशब्दांसाठी सात रकाने मिळतात आणि तीन वर्ग निवडता येतात. धागाकर्त्यांनी 'कादंबरी', 'साहित्य', 'उत्कृष्ट पुस्तक' असलं काही भरलं असेल, पैज लावतो. तिथे रात्री दोनला माणूस जे टाइप करेल ते भरा: 'स्मृतिभ्रंश आई', 'आजारी आईवडिलांची सेवा'. वर्गही जितका नेमका निवडाल तितकं बरं. मोठ्या वर्गात तुम्ही हजारांमागे दडता.

कोरा_कागद

पैज जिंकलात. 'उत्कृष्ट पुस्तक' खरंच होतं.

दोन प्रश्न. जाहिराती द्याव्यात का? आणि अ‍ॅमेझॉनच्या किंडल सिलेक्ट योजनेत नाव घालावं का?

आकडेमोड

जाहिरातींचं मी सांगतो, हात पोळून घेतलेत.

क्लिकमागे पैसे जातात, विक्रीमागे नाही. समजा एका प्रतीतून तुमच्या हातात 40 पडतात आणि एका क्लिकला 5 जातात. म्हणजे दर आठ क्लिकांत एक प्रत खपली तर तुम्ही जेमतेम शून्यावर. माझ्या पहिल्या पुस्तकाला वीस-बावीस क्लिकांमागे एक गिऱ्हाईक मिळालं. म्हणजे 40 कमवायला शंभरावर घालवत होतो, आणि आलेख वर जातोय म्हणून खूश होतो! तो आलेख क्लिकांचा होता.

ज्यांची पाच भागांची मालिका आहे त्यांना हे परवडतं, कारण पहिल्या भागावर झालेला तोटा पुढच्या भागांत वसूल होतो. एकुलत्या एका पुस्तकाला क्वचितच. तरी करायचंच असेल तर मुखपृष्ठ, ओळख, नमुना दुरुस्त करून मग, आणि बुडाली तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम ठरवून करा. तोवर जाहिरात म्हणजे गळक्या माठात पाणी.

सिलेक्टबद्दल: नाव घातलं की 90 दिवस तुमची ई-आवृत्ती दुसऱ्या कुठल्याही दुकानात देता येत नाही, स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा नाही. छापील प्रतींना ही अट नाही. मुदत संपली की आपोआप पुढच्या 90 दिवसांची सुरू होते, नको असेल तर आठवणीने खूण काढावी लागते. बदल्यात किंडल अनलिमिटेडच्या (ठरावीक वर्गणी भरून वाचणाऱ्या) वाचकांनी जितकी पानं वाचली त्यानुसार पैसे मिळतात आणि 90 दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. नवख्या लेखकाला मी 'घाला' म्हणेन, कारण अनलिमिटेडवाल्या अनोळखी माणसाला तुमचं पुस्तक उघडून बघायला वेगळा खर्च नाही. पण फुकट दिवसांवर भाळू नका. फुकटचं उतरवून घेणारे खूप, उघडणारे थोडे. शिवाय फुकट पुस्तकांची क्रमवारी वेगळी असते, तिथला पहिला नंबर विक्रीच्या यादीत उपयोगी पडत नाही.

पाठमोरा

सगळे इतकं गंभीर लिहिताहेत म्हणून सोपा उपाय सांगतो. वीस मित्रांकडून पाच-पाच तारे टाकून घ्या. सगळेच करतात.

खोडरबर

पाठमोरा, अहो नका सांगू. घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी लिहिलेली परीक्षणं अ‍ॅमेझॉनच्या नियमांत बसत नाहीत, सापडली तर काढून टाकतात. पैसे किंवा वस्तू देऊन घेतलेली तर नाहीच नाही. प्रत फुकट द्यायला हरकत नाही, पण 'त्या बदल्यात चांगलं लिहा' अशी अट घालता येत नाही. आणि नियम सोडा, वीस जणांनी एकाच आठवड्यात 'अप्रतिम, जरूर वाचा' लिहिलेलं वाचकाला लगेच कळतं.

पाठमोरा

बरं बाई. पण थोर लोकांनीही केलंय हे! अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने 1855 साली स्वतःचा कवितासंग्रह स्वतःच काढला आणि स्वतःच त्यावर निनावी परीक्षणं लिहिली, भरभरून कौतुकाची. वर नामवंत लेखक इमर्सनने खासगी पत्रात केलेली स्तुती 1856 च्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत ठोकून दिली. विचारलंसुद्धा नाही.

तिसरी_आवृत्ती

हाहा. किस्सा खरा आहे. पण त्यातला इमर्सनचा भाग बघा ना: व्हिटमनने एका अनोळखी पण योग्य माणसाला प्रत पाठवली आणि त्याने आपणहून पत्र लिहिलं. तेवढं घ्या, बाकीचं सोडा. आणि कुणाचं वाक्य छापायचं तर आधी विचारा.

पुढच्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशनाच्या महिनाभर आधी वीसेक वाचकांना ई-प्रत द्या. मी दिल्या तेव्हा सहा जणांनी लिहिलं. एकाने तीनच तारे दिले आणि त्याचंच परीक्षण सगळ्यात कामाचं ठरलं, कारण पुस्तक नेमकं कशाबद्दल आहे ते त्यात होतं.

आणखी एक काम आजच करा. कादंबरी जिथे संपते त्याच्या पुढच्याच पानावर दोन ओळी: 'तुम्हाला मला काही कळवावंसं वाटलं तर' आणि तुमचा ईमेल पत्ता. शेवटचं पान वाचून झालेला माणूस तुमच्याशी बोलायला त्या क्षणी सगळ्यात जास्त तयार असतो. असे पत्ते, त्यांना विचारून, एका यादीत ठेवा. फेसबुक उद्या तुमची पोस्ट कोणाला दाखवेल हे तुमच्या हातात नाही, ती यादी मात्र तुमची. माझ्या यादीत 210 नावं आहेत आणि तिसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या आठवड्यातली जवळपास सगळी विक्री तिथूनच झाली.

निळी_शाई

पुस्तकांच्या दुकानांचं काय? मी दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी हात झटकले.

आकडेमोड

दुकानदाराला मोठं कमिशन आणि न खपलेल्या प्रती परत घेण्याची हमी, दोन्ही लागतं. स्वतः छापणाऱ्याला ते जड जातं. त्यापेक्षा वाचनगट गाठा. आठ-दहा जण एकत्र वाचतात, तुम्ही व्हिडिओ कॉलवर अर्धा तास गप्पांना जाता. एका फेरीत आठ प्रती, आणि आठही वाचल्या जातात.

कोरा_कागद

सात आठवड्यांनी परत आलोय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

मुखपृष्ठ बदललं, जांभळ्यावर पांढरं. ओळख 'ओव्हरटाइम आहे' वर थांबते. प्रस्तावना शेवटी गेली (ज्यांनी लिहिली ते रुसले). रोजच्या पोस्टी बंद. तीन आधारगटांच्या चालकांना प्रती पाठवल्या. दोघांकडून काहीच नाही. तिसऱ्या बाईंनी महिन्याभराने त्यांच्या गटात चार ओळी लिहिल्या आणि त्या आठवड्यात 19 ई-प्रती गेल्या. एकूण आकडा 63 वरून 118 वर आलाय. जाहिरातीवर शून्य खर्च.

शेवटच्या पानावरच्या पत्त्यावर चार ईमेल आल्या. त्यातली एक नर्सची. त्यांनी कळवलंय की आठव्या प्रकरणात आईला झोपेची गोळी सकाळी दिली आहे आणि नवव्यात तीच गोळी पुन्हा रात्री, म्हणजे मुलगा आईला मारायला निघालाय की काय. ई-आवृत्ती परवाच दुरुस्त करून चढवली.

घरी मात्र चुकीच्या गोळीच्या 140 छापील प्रती पडून आहेत. खोडरबर, यावर शुद्धिपत्रक चिकटवतात का अजून?

खोडरबर

चिकटवतात. एकशे चाळीस चिठ्ठ्या, एक डिंकाची बाटली आणि एक रविवार. फॉन्ट आतल्यासारखाच घ्या.