बाईक विकली, पैसे मिळाले, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मात्र अजून आमच्याच नावावर

कोरेगावकर११:
एमएच-११ (सातारा) पासिंगची १२५ सीसी बाईक वडिलांच्या नावावर आहे. गेल्या वर्षी तासगावच्या एकाला विकली. स्टॅम्प पेपरवर नोटरी केली, 'आजपासून सर्व जबाबदारी घेणाराची' असं त्यात आहे. टीटी फॉर्मवर (मालकी बदलाच्या अर्जांवर) सह्याही करून दिल्या. त्याने नाव लावलं नाही. आता सांगली-मिरजेतली ई-चलनं वडिलांच्या मोबाईलवर येतात आणि तो फोन उचलत नाही. चलन भरायचं का? उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर? विमा बंद करून टाकू का?

कृष्णाकाठ:
विमा अजिबात बंद करू नका, आधी हे सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) नुसार आरसीवर ज्याचं नाव तो मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात गाडी पुढे अनेक हात बदलली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावरच ठेवली. तुमची नोटरी वडील आणि घेणारा यांच्यापुरती. तिच्या जोरावर त्याच्याकडून वसुली मागता येईल, पण जखमी माणसाला ती दाखवून हात झटकता येणार नाहीत. विमा चालू असेल तर थर्ड पार्टीची, म्हणजे गाडीने इजा झालेल्या तिऱ्हाइताची, भरपाई कंपनी देते. तो संपला की दावा थेट वडिलांवर. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ७१४ रुपये आहे, जीएसटी वेगळा. घेणारा भरत नसेल तर स्वतः भरा. चिडचिड होईल, पण भरा.

दुसरं, अपघाताचा दावा जखमी माणूस स्वतः राहतो तिथल्या मोटार अपघात न्यायाधिकरणातही लावू शकतो. म्हणजे समन्स सांगलीहून कोरेगावला येईल. 'गाडी आमची नाहीच' म्हणून ते बाजूला टाकलं तर एकतर्फी निकाल लागतो. वकील द्या, घेणाऱ्याला आणि विमा कंपनीला पक्षकार करायला सांगा.

एमएच१०_मिरज:
चलनाचं सांगतो. महाट्रॅफिकच्या (वाहतूक पोलिसांच्या ई-चलन) साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून फोटो उघडा. आधी गाडी तीच आहे का बघा. दुसऱ्याच गाडीवर तुमचा नंबर लावलेला असला तर प्रकरणच वेगळं. गाडी तीच असेल तर कलम १३३ लक्षात घ्या: पोलिसांनी विचारलं की चालकाची माहिती देणं मालकाचं काम आहे. म्हणून घेणाऱ्याचं नाव, पत्ता, आधारची प्रत आणि नोटरी जोडून वाहतूक शाखेत लेखी द्या, आवक शिक्का घ्या. त्याचा अल्पवयीन पोरगा ती गाडी फिरवत असेल तर हा कागद फार मोलाचा. कलम १९९अ मध्ये पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्याला माहीत नव्हतं हे दाखवायची वेळ आपल्यावरच येते.

कृष्णाकाठ:
टीटी फॉर्म म्हणजे नमुना २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ साताऱ्याच्या आरटीओत द्यायचा असतो आणि त्याची प्रत घेणाऱ्याला. बहुतेक जण दोन्ही फॉर्म घेणाऱ्याच्या हातात ठेवून मोकळे होतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. मुदत गेली तरी आता द्या. सोबत अर्ज, नोटरी, पैसे मिळाल्याचं बँक स्टेटमेंट. सगळ्याची पोच घ्या. घेणाऱ्याला पोचपावतीसह नोटीस पाठवा, पोलीस ठाण्यातही अर्ज द्या. यातल्या कशानेही आरसीवरचं नाव बदलत नाही, हे मात्र डोक्यात ठेवा. पुरावा तयार होतो, बस्स.

कोरेगावकर११:
आरसीवर फायनान्सचं एचपी (कर्जाच्या बोजाची नोंद) अजून आहे. कर्ज केव्हाच फिटलंय. त्याने फरक पडतो का?

एमएच१०_मिरज:
अहो, मग नाव लागणार कसं? फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय आरटीओ ट्रान्सफर करत नाही. घेणाऱ्याने कदाचित एकदा प्रयत्न करून सोडून दिला असेल. कंपनीकडून एनओसी (ना-हरकत पत्र) आणि एचपी काढण्याचा सही-शिक्क्याचा नमुना ३५ आणा, जुनी एनओसी असेल तर तिची मुदत बघा. एचपी वडिलांच्या नावावरच काढून घ्या, त्यासाठी घेणारा लागत नाही.

पलूसचा_मेकॅनिक:
त्या घेणाऱ्याला एवढं सांगा, बहुतेक तो स्वतःहून धावत येईल: नाव न लावता फिरवतोय म्हणजे मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण त्याला नाही, ते आरसीवरच्या मालकालाच मिळतं. गाडी चोरीला गेली तरी त्याच्या हातात काही पडत नाही. आणि नाव लावल्यावर पॉलिसी बदलण्याचा अर्ज १४ दिवसांत करायचा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यातली सूट) माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो त्याला मिळणार नाही, फरकाचे पैसे भरावे लागतील. नंबर मात्र एमएच-११ चाच राहतो. सांगलीत नवा घ्यावा लागतो ही एजंटची थाप.