फोनवरचं सर्टिफिकेट का परत येतं

'व्हिडिओ कॉलवर घेतलेलं मेडिकल सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद' हे मत मला पटत नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीकृत डॉक्टरला दुरून तपासायची परवानगी दिलेली आहे. अडतं ते दुसरीकडेच.

गेल्या पावसाळ्यात मी यावलजवळच्या गावी तापाने पडलो होतो. उभं राहवत नव्हतं, एसटीने जळगाव गाठणं तर दूरच. फोनवर डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, गोळ्या दिल्या, चार दिवसांचं सर्टिफिकेट पाठवलं. ऑफिसने ते परत केलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता, माझी सही आणि शरीरावरची ओळखखूणही नव्हती. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत पेशंटची सही किंवा अंगठा आणि निदान एक ओळखखूण सर्टिफिकेटवर हवीच असं म्हटलंय. हे कुणी सांगतच नाही! मी प्रिंट काढून सही केली, फोटो पाठवला, डॉक्टरांनी दुरुस्त प्रत दिली, रजा मंजूर झाली. कॉल चालू असतानाच हे मागून घ्या. आणि मागची तारीख टाकायला डॉक्टरांना गळ घालू नका, त्यांचं लायसन्स पणाला लागतं.