मदत हवी आहे: रेफ्युजियममधलं चेटो दर वेळी पांढरं पडतंय

खारट_ठाणेकर (धागाकर्ता)
थेट मुद्द्यावर येतो. समुद्री माशांचा टँक आहे. त्याच्या खालच्या फिल्टरच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, मधल्या कप्प्याचं रेफ्युजियम केलंय, म्हणजे पाणी साफ ठेवायला शैवाल वाढवायची जागा. चेटो, म्हणजे दोऱ्यांच्या गुंत्यासारखं हिरवं शैवाल, टाकलं, आठ दिवसांत पांढरं पडलं आणि मग लगदा. परत आणलं, परत तेच. आता तिसरा गुंता आणलाय, मूठभराचे साडेचारशे रुपये. लाइट आहे, फ्लो आहे, पाणी काचेसारखं आहे. काय चुकतंय? 'गूगल करा' म्हणू नका, केलंय.

मांदेली
टँक केवढा? मासे किती? माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रेट, फॉस्फेट किती? लाइट किती वॅट, किती तास? 'लाइट आहे, फ्लो आहे' म्हणजे डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणण्यासारखं झालं.

खारट_ठाणेकर
चार बाय दीड बाय दीड फूट. दोन क्लाउन, तीन डॅमसेल, एक यलो टँग. क्षारता १.०२५. लाइट दहा वॅटचा पांढरा एलईडी, दिवसभर. नायट्रेट शून्य. म्हणजे पाण्यात दोष नाही, हे नक्की.

कोलंबी_भात
दहा वॅटमध्ये देवघर उजळतं, चेटो नाही. झाडं वाढवायचा लाल-निळा ग्रो लाइट घ्या आणि मेन टँकचा दिवा बंद झाला की रात्री लावा. रात्री अंधारात शैवालही कार्बन डायऑक्साइड सोडतं, पाण्याचा पीएच खाली येतो. खालचा कप्पा रात्री उजेडात असला की तो उतार कमी होतो. माझ्याकडे दोन वर्षं असंच चालू आहे, पंधरवड्याला अर्धी बादली काढून टाकतो.

शब्दखोर
उच्चार 'कीटो' आहे हो. कीटोमॉर्फा.

कोलंबी_भात
दुकानदाराला कीटो म्हटलं तर तो मला पनीर खायला सांगेल.

खाडीकाठ
चेटोच्या नादी लागूच नका. खारफुटी लावा. कांदळाची शेंग चिखलात खोचायची, मुळं पाण्यात, पानं वर. दिसायला राजेशाही. आपल्याकडे खाडीला काय तोटा आहे?

मांदेली
खाडीतून काही उपटून आणू नका! खारफुटीच्या तोडीवर उच्च न्यायालयाने २००५ सालीच बंदी घातली आहे, आणि पांढरी चिप्पी तर २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. शिवाय टँकमधली खारफुटी इतकी सावकाश वाढते की सहा माशांची घाण तिच्याच्याने उपसली जाणार नाही. खाडीचं पाणी टँकमध्ये गेलं तर काय होईल ते वेगळंच.

खाडीकाठ
उपटा कोण म्हणालं? वाहून आलेली शेंग म्हणतोय मी. प्रत्येक गोष्टीत कायदा.

मालवणी_खाजा
अवांतर: मालवणला खडकांवर हिरवं शैवाल हवं तेवढं असतं. जिवंत खडकासकट आणलं तर बारीक किडेही फुकट मिळतील ना?

मांदेली
नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि खडकावरचं काय प्रवाळ आहे ते आपल्याला ओळखता येत नाही. तिथलं सागरी अभयारण्यही १९८७ पासूनचं आहे. मासे खा आणि परत या.

बत्ती_गुल
धागाकर्ते, लाइट गेल्यावर तुमचा संप ओसंडतो का? संपमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप बंद पडला की वरचं पाणी त्याच पाइपातून खाली येतं. तुमच्या मापात एक सेंटिमीटर म्हणजे साडेपाच लिटर. तीन सेंटिमीटर उतरलं तर सोळा-सतरा लिटर. आमच्याकडे ते खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गणपतीच्या मखरावर टपकलं होतं. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीखाली अगदी थोडंसंच एक भोक पाडा, म्हणजे तिथून हवा शिरून पाणी उतरायचं थांबेल.

खारट_ठाणेकर
संप ओसंडत नाही. मी चेटोचं विचारलंय.

मांदेली
मला ते शून्य खटकतंय. टँगसकट सहा मासे, रोज खाणं, आणि नायट्रेट शून्य? किटची तारीख बघा. त्यातली एक बाटली चांगली अर्धा मिनिट हलवावी लागते, नाहीतर खोटं शून्य येतं. हलवूनही शून्यच आलं, तर चेटोच्या आधी दुसरंच कोणीतरी जेवतंय. पाण्यात आणखी काय टाकता?

खारट_ठाणेकर
किट नवीन आहे, हलवलं, पिवळंच येतं. फॉस्फेटही शून्य. विशेष काही टाकत नाही. मीठ, आरओचं पाणी, आणि सकाळी चार मिली व्होडका.

कोलंबी_भात
!!!

मांदेली
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, साहेब. व्होडकावर जीवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतात, आणि स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. म्हणजे ताट चेटोपुढे यायच्या आत रिकामं. तुमचं चेटो उपाशी मरतंय. नायट्रेट पाच-दहा पीपीएम असू द्या, शून्याचा हट्ट सोडा.

खारट_ठाणेकर
पण व्होडका तर पाच महिने चालू आहे! नायट्रेट पन्नासला होतं म्हणून एकाने सुचवली होती. रेफ्युजियमही त्याच्यासाठीच केलं. मला वाटलं, दोन्ही केलं तर दुप्पट फायदा.

कोलंबी_भात
तरीही दहा वॅट कमीच आहे.

मांदेली
लाइट वाढवला तर उपाशी माणसाला पळायला लावल्यासारखं होईल. आधी खाणं. आणि व्होडका एकदम तोडू नका, दर तीन-चार दिवसांनी अर्धा मिली कमी करा.

खाडीकाठ
खारफुटीला हे काही लागलं नसतं.

खारट_ठाणेकर
तीन आठवड्यांनी अपडेट. व्होडका एक मिलीवर आणलीय. नायट्रेटच्या नळीत पहिल्यांदा नारिंगी झाक आली, पाचच्या आसपास. तिसऱ्या गुंत्याचा वरचा भाग गेला, पण आतली वळी गडद हिरवी आहे. चिमटीत धरली तर भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासणीसारखी करकरीत लागते, आधीच्यांसारखी बोटांना चिकटत नाही. मात्र आता मेन टँकच्या काचेवर तपकिरी थर येतोय, दोन दिवसांत पुसावा लागतो. हे काय नवीन? लवकर सांगा, शनिवारी पाहुणे आहेत.

मांदेली
आरओच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात उरलेले विरघळलेले क्षार, किती? ते अडवणारी आरओची मेम्ब्रेन शेवटची कधी बदलली?

खारट_ठाणेकर
मेम्ब्रेन बदलायची असते?